ओळखा, दगड कुणाचा

वेधशाळेत त्यांना सगळे तीनओळीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे तीनओळीबाई. पाठीमागचं नाव त्यांना जास्त आवडायचं, कारण ते त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लाखो धोंडे सूर्याभोवती फिरत असतात. शहाणी माणसं त्यांना लघुग्रह म्हणतात. नवा धोंडा सापडला की आधी त्याला तात्पुरती खूण मिळते: सापडल्याचं साल आणि पुढे काही अक्षरं, आकडे, एखाद्या ट्रकच्या पाटीसारखी. मग काही वर्षं त्याच्यावर नजर ठेवायची. त्याची फिरायची वाट पक्की झाली की त्याला कायमचा क्रमांक मिळतो, आणि तिथून पुढे दहा वर्षं त्याला नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. नाव शक्यतो एका शब्दाचं हवं, सोळा अक्षरांच्या आत हवं, कुणाला लागेल असं नको. आणि नावासोबत कारण द्यावं लागतं. हे नाव का, ते थोडक्यात. जगभरच्या ज्योतिर्विदांची एक समिती ते वाचते, आणि त्यांना पटलं तर पत्रकात छापून येतं.

धोंडे शोधायचं काम सरांचं. कारण लिहायचं काम बाईंचं. सर आकाशात कोट्यवधी मैलांवरचा ठिपका अचूक हेरायचे आणि जमिनीवर स्वतःचा चष्मा तीन-तीन दिवस शोधायचे. एकदा त्यांनी जेवणाचा डबा फोटोंच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवला आणि फोटोंचा खोका घरी नेऊन जेवायला बसले. अशा माणसाकडून कारण लिहून घेणं बाईंना पहिल्याच वर्षी अशक्य वाटलं, म्हणून त्यांनी ते आपल्याकडे घेतलं. अठ्ठावीस वर्षांत एक्केचाळीस धोंडे, प्रत्येकाला तीन ओळी. कमी नाही, जास्त नाही. आणि त्यात एक शब्द खोटा नाही, असा त्यांचा दावा होता.

सरांनी पहिल्या धोंड्याला आपल्या भूगोलाच्या मास्तरांचं नाव दिलं होतं. बाईंनी विचारलं, "चांगलं शिकवायचे का?" सर म्हणाले, "छे! मला रोज वर्गाबाहेर उभं करायचे. बाहेर उभं राहून वर बघायची सवय लागली." बाईंनी हेच लिहिलं. समितीने ते जसंच्या तसं छापलं, आणि नव्वदीला टेकलेले मास्तर ते पत्रक घेऊन गावभर फिरले. वर्गाबाहेर काढलेल्या बाकीच्या मुलांचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

बाईंची कामाची एक रीत होती. तीन ओळी लिहून झाल्या की ग्रंथपालबाई, पहारेकरी, जो कुणी चहाला खोलीत असेल त्याला त्या वाचून दाखवायच्या, आणि नाव सांगायच्या नाहीत. "ओळखा," म्हणायच्या. ऐकणाऱ्याने माणूस ओळखला तर ओळी पास. नाही ओळखला तर कागद फाडून नव्याने सुरुवात. 'अत्यंत प्रेमळ, कष्टाळू आणि सर्वांना मदत करणारे' असली वाक्यं या परीक्षेत दणकून आपटायची, कारण पहारेकरी दर वेळी म्हणायचा, "हे माझ्याबद्दल आहे का?"

आता आकाशात नाव लागतं म्हटल्यावर माणसं गप्प बसतात होय? दातांच्या डॉक्टरने बाईंची अख्खी कवळी फुकट करून द्यायची तयारी दाखवली. बाईंचे सगळे दात तेव्हा शाबूत होते. साबणाच्या व्यापाऱ्याला धोंड्याला आपल्या वडीचं नाव हवं होतं. "जाहिरात चालत नाही," बाई म्हणाल्या. शेजारणीला आपल्या कुत्र्याचं नाव हवं होतं. पाळीव प्राण्यांच्या नावांना समिती नाक मुरडते, असं कळल्यावर तिने समितीतल्या लोकांच्या घरी कुत्रं आहे का याची चौकशी सुरू केली. एक पुढारी तर हारतुरे घेऊनच आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी गोड आवाजात नियम सांगितला: "राजकारणातल्या माणसाचं नाव द्यायचं तर तो जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात, साहेब. तुमचा अर्ज मी आत्तापासून ठेवून घेऊ का?" साहेब पाणी न पिताच गेले.

सगळ्यांना बाईंचं एकच ठरलेलं उत्तर असे, "सर ठरवतात, मी कुणासाठी शब्द टाकत नाही." पहिला भाग साफ खोटा होता, सर काहीच ठरवत नसत, ते बाईंनाच विचारत. पण दुसरा भाग मात्र बाईंनी कसोशीने पाळला होता. अगदी धाकट्या बहिणीच्या बाबतीतही. बहिणीला नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला धोंडा द्यायचा होता. बाईंनी तेवढ्यापुरती परीक्षा घेऊन पाहिली. "रडतो, झोपतो, फार गोड हसतो. ओळखा." पहारेकरी म्हणाला, "कुठलंही बाळ." बाईंनी हे जसंच्या तसं बहिणीला सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं बहिणीने त्यांच्याशी संबंध फक्त लग्नपत्रिका पाठवण्यापुरता ठेवला होता.

आणि आता बाई स्वतःच अडकल्या होत्या.

बाईंचे यजमान त्याच वेधशाळेत मिस्त्री होते. तिथे, घरी, बाजारात, सगळीकडे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बाईसुद्धा लोकांसमोर "आमचे मिस्त्री" म्हणायच्या. दुर्बिणीवरचा तो प्रचंड लोखंडी घुमट त्यांच्या ताब्यात. घुमटाला एक उभी फट, त्या फटीतून दुर्बीण आकाश बघणार. आकाश सरकतं तसा घुमट सरकला पाहिजे. त्यासाठी एक मोटर होती आणि ती दमेकऱ्यासारखी जिन्यावरच बसून राहणाऱ्यातली. मग मिस्त्री भिंतीवरचं हातचाक धरायचे आणि दर थोड्या वेळाने वीतभर घुमट पुढे सरकवायचे. एकतीस वर्षं. त्यात त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट एका बाजूला लांब दिसायचा. रोज दुपारी घरातून निघताना म्हणायचे, "तेल घालून येतो गं." बस्स. नोकरीबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत.

दुर्बिणीतून त्यांनी एकदाच पाहिलं होतं, सरांनी फारच आग्रह केला म्हणून. "काय दिसलं?" बाईंनी घरी उत्सुकतेने विचारलं. "ठिपका," मिस्त्री म्हणाले आणि जेवायला बसले.

मिस्त्री निवृत्त झाल्याला तीन वर्षं झाली होती. आता बाईंची पाळी होती. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार, आणि त्याच आठवड्यात जुना घुमट उतरवून भंगारात जाणार. नवा येणार तो बटणावर फिरणारा. हातचाक, चाकं, रूळ सगळं वजनावर विकलं जाणार. म्हणजे हा घुमट एका माणसाने हाताने फिरवला होता, याची खूण फक्त मिस्त्रींच्या खांद्यात उरणार होती. बाईंना ते सहन होत नव्हतं. आणि गंमत बघा, सरांकडे बिननावाचा एकच धोंडा शिल्लक होता. त्याच्या क्रमांकाच्या शेवटी सतरा होतं, म्हणून त्याला सगळे सतरा म्हणत. सतराची दहा वर्षं महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरत होती. बाईंना तो मिस्त्रींसाठी हवा होता. इतकं मनापासून त्यांना आयुष्यात दुसरं काही हवं नव्हतं.

पण मागणार कसा? दंतवैद्याला, पुढाऱ्याला, सख्ख्या बहिणीला ज्या तोंडाने नाही म्हटलं, त्याच तोंडाने नवऱ्यासाठी हो मागायचं?

त्यात सरांनी घोळ घालून ठेवला. वेधशाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे खुर्च्यांच्या कारखान्याचे मालक. माणूस मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. स्वतःचं भाषण ऐकून स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांनी सभागृहाला चाळीस खुर्च्या दिल्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीत सर पहिल्यांदा बसले, पाठीला आराम वाटला, आणि त्या भरात म्हणून गेले, "साहेब, सतरा तुमचा." अध्यक्ष तिथेच रडले.

"बाई, अध्यक्षांच्या तीन ओळी लिहा," सर म्हणाले. "तुमच्या निरोपसमारंभातच वाचू. घुमटातच करू समारंभ, त्यालाही निरोप होईल. वाचून झालं की मी लगेच अर्ज पाठवतो."

अध्यक्षांनी माहिती पाठवली. अकरा पानं आणि चौदा फोटो. बाईंनी ती चार दिवस चाळली. अध्यक्ष बक्षीस देताना, बक्षीस घेताना, फीत कापताना, कापलेली फीत हातात धरून. पण घुमटाच्या जिन्याची पायरी त्यांनी चढल्याचा अकरा पानांत एक शब्द नव्हता. बाईंनी प्रामाणिकपणे पिळून पिळून एक ओळ काढली: 'यांनी वेधशाळेला चाळीस खुर्च्या दिल्या.' दुसरी ओळही निघाली: 'खुर्च्या चांगल्या आहेत.' तिसरी काही केल्या येईना.

पाचव्या दिवशी त्यांनी कोरा कागद घेतला आणि एका झटक्यात तीन ओळी उतरल्या. त्या अध्यक्षांबद्दल नव्हत्या. 'हात घसरला,' असं बाई आजही सांगतात. घसरलेला हात इतक्या सुवाच्य अक्षरात लिहीत नाही आणि कागदाची नीट चौघडी करून पर्समध्येही ठेवत नाही, एवढंच आपण म्हणू शकतो.

समारंभाच्या दुपारी चाळीसच्या चाळीस खुर्च्या घुमटात आणून मांडल्या. मधोमध दुर्बीण, तिच्याभोवती माणसं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, रुमाल आधीच हातात. मिस्त्री शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, हातचाकाच्या बाजूला. बायकोचा समारंभ म्हणून आले होते. नाहीतर भाषणं म्हटली की त्यांच्या पोटात दुखायचं.

सर दोन शब्द बोलले, म्हणजे तिसरा त्यांना आठवला नाही. मग बाई उभ्या राहिल्या. पर्समध्ये दोन कागद होते, आणि तोपर्यंत आपण कुठला काढणार हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मिस्त्रींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ते मान वर करून घुमटाचे रिव्हेट मोजल्यासारखे एकेक बघत होते, परवा उतरणार म्हणून.

बाईंनी चौघडी केलेला कागद काढला.

"आपली रीत सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आधी ओळी. नाव तुम्ही ओळखायचं."

आणि त्यांनी वाचलं: "मोटर बंद पडली की या वेधशाळेचा घुमट तो हाताने फिरवायचा, आणि मोटर बहुधा बंदच असे. एकतीस वर्षं रोज दुपारी त्याने घुमटाच्या चाकांना तेल घातलं आणि दुर्बिणीतून एकदाच पाहिलं. इथे सापडलेला एकही लघुग्रह त्याचा हात लागल्याशिवाय सापडलेला नाही."

"ओळखा," त्या म्हणाल्या.

ओळखायला कितीसा वेळ लागणार? आधी पहारेकऱ्याने मान वळवली. मग ग्रंथपालबाईंनी. मग एकेक करत चाळीस नव्या खुर्च्या करकरल्या आणि सगळा घुमट मागे वळून मिस्त्रींकडे बघू लागला. सगळे वळले म्हणून अध्यक्षही वळले. अध्यक्षांना त्या क्षणी काही कळलं नव्हतं; पण आपल्या सन्मानाच्या वेळी आपण पाठमोरे बसलो आहोत, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं.

मिस्त्री दचकले. त्यांना वाटलं, आपल्या शर्टाला काही लागलंय. त्यांनी शर्ट झटकला.

"बाई," अध्यक्ष म्हणाले. आवाज मोठाच होता, पण धार गेलेली. "आणि माझ्या ओळी?"

बाईंनी दुसरा कागदही वाचला. लपवायचं कशाला? "यांनी वेधशाळेला चाळीस खुर्च्या दिल्या. खुर्च्या चांगल्या आहेत."

"अध्यक्षसाहेब!" पहारेकरी ओरडला. ओळखलं याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

कुणी हसलं नाही. म्हणजे आवाज येऊ दिला नाही. अध्यक्षांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग उठले आणि तरातरा शेवटच्या रांगेकडे गेले. आपली खोड आता नवऱ्याच्या अंगाशी येणार, असंच त्यांना वाटलं.

"हाताने फिरतो हा?" अध्यक्षांनी मिस्त्रींना विचारलं.

"फिरतो की."

अध्यक्षांनी कोट काढला, चाक धरलं आणि जोर लावला. चाक हललं नाही. तोंड लाल होईपर्यंत लावला. चाक ढिम्म. मिस्त्रींना ते बघवेना. "साहेब, ओढायचं नाही. रेलायचं," म्हणत ते पुढे झाले, उजवा खांदा चाकाच्या कडेला टेकवला आणि अंगाचा भार सोडला. तो खांदा आणि ते चाक एकमेकांत असे बसले की खांदा दोन बोटं खाली का आला, हे घुमटातल्या प्रत्येकाला न सांगता दिसलं. वरती गडगडाट झाला. अख्खा घुमट हलला, फट सरकली, आणि उन्हाचा एक लांब पट्टा रांगेतल्या एकेका खुर्चीवरून पुढे गेला. पहारेकऱ्यावर, ग्रंथपालबाईंवर, सरांवर, आणि मग बाईंवर येऊन थांबला. मिस्त्रींनी तो तिथेच थांबवला.

बाईंना भर सभेत रडू आलं. ऊन डोळ्यांत गेलं असं त्यांनी नंतर सांगून पाहिलं.

अध्यक्षांनी कोट घातला. "सर," ते म्हणाले, "सतरा त्यांना द्या. पुढचा सापडेल तो माझा. सापडेल ना?"

"सापडेल," सर म्हणाले.

"तोपर्यंत साहेब," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीचं तेवढं बघा."

अध्यक्ष इतके मोठ्याने हसले की घुमटात ते दोनदा ऐकू आलं. मानलं पाहिजे त्या माणसाला. दुसऱ्या महिन्यापासून ते दर शनिवारी वेधशाळेत येऊ लागले आणि शाळेच्या मुलांना स्वतः रांगेत उभं करून दुर्बीण दाखवू लागले. ती तिसरी ओळ आता जवळपास तयार आहे, फक्त ती लिहायला बाई तिथे नाहीत.

सरांनी त्याच संध्याकाळी अर्ज पाठवला. नाव दिलं, मिस्त्री. त्यांचं खरं नाव सरांना आठवेना, आणि बाईंनीही आठवण करून दिली नाही. जगात त्यांना ज्या नावाने हाक मारली जाते, तेच वर जावं.

बहिणीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. दोन वर्षांनी पहिलाच. "ताई, माझ्या नातवाला नाही आणि नवऱ्याला हो?"

"मी मागितला नाही गं. मी फक्त वाचलं."

"नाही का! तू कधीच काही करत नाहीस. लहानपणी शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडावरही तू फक्त चढली होतीस." पण ती तासभर बोलली. नातवाला आता सगळे दात आले होते आणि तो दिसेल त्याला चावतो, हेही सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात त्याची पहिली ओळ टिपून ठेवली.

काही महिन्यांनी पत्रक आलं. समितीने नाव मान्य केलं होतं, तीन ओळींसकट. बाईंनी कागद छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर मिस्त्रींसमोर ठेवला. मिस्त्रींनी चष्मा लावला. एकदा वाचलं. मग बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचलं.

"ग्रीस," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"तेल नाही घालत चाकांना. ग्रीस घालतात. घट्ट, पिवळं. तेल घातलं असतं तर घुमट पहिल्या वर्षीच रुळावर अडकून बसला असता."

"अहो, पण एकतीस वर्षं रोज जाताना 'तेल घालून येतो' म्हणत होतात ना तुम्ही!"

"ते म्हणायला," मिस्त्री म्हणाले. "ग्रीस लावून येतो, असं कुणी म्हणतं का?"

बाईंचा जीव तिळतिळ तुटला. अठ्ठावीस वर्षांत एक शब्द खोटा नाही, आणि नेमका नवऱ्याच्याच ओळीत! त्यांनी सरांना फोन केला. सर म्हणाले, "छापून आलं बाई, आता राहू दे. दगडाला काय फरक पडतो?" बाई चार दिवस नीट जेवल्या नाहीत. मिस्त्रींनी मात्र कागद घडी करून खिशात घातला आणि विषय संपवला, असं बाईंना वाटलं.

पाचव्या दिवशी त्या भाजी आणायला गेल्या. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी मिस्त्री उभे होते. पाठमोरे, एक खांदा खाली. आयुष्यभर स्वतःबद्दल दोन वाक्यं न बोललेला हा माणूस हातवारे करत बोलत होता.

"हे बघ, इथे. तेल लिहिलंय आमच्या हिने. आता तूच सांग, लोखंडी चाकांना तेल? ग्रीस असतं ते. कुठे म्हणजे काय? वर. मंगळाच्या पलीकडे एक ग्रह आहे, छोटा, माझ्या नावाचा. त्याच्या कागदावर. जगभर गेलाय हा कागद. आता कायमचं राहिलं ते, पुसता येत नाही."

"तुमच्या नावाचा?" इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"हो ना," मिस्त्री म्हणाले. "पण तेल लिहिलंय."

दूधवाल्याने, केस कापणाऱ्याने, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी गेले चार दिवस आपल्याला बघून "तेल की ग्रीस?" असं का विचारलं, हे बाईंना तेव्हा कळलं. त्या हाक न मारता मागच्या मागे वळल्या आणि लांबच्या रस्त्याने घरी गेल्या. सरांना पुन्हा फोन करून दुरुस्तीसाठी मागे लागायचं ठरवलं होतं, ते त्यांनी रद्द केलं.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले. "कुठे गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"इथेच," मिस्त्री म्हणाले. "इस्त्रीला कपडे टाकायला."

कपडे घरातच खुर्चीवर पडलेले होते. बाईंनी ते पाहिले आणि जेवण वाढायला घेतलं.